कोपरे नसलेलं पाणी

आमच्या प्राथमिक शाळेची सहल दरवर्षी मैत्रीबागेत जायची. भिलाईत राहून मैत्रीबाग न बघितलेलं पोर सापडणं अवघडच. नागपूरहून काका आले, चला मैत्रीबागेत. वर्ध्याची मावशी तान्हं बाळ घेऊन आली, बाळाला अजून नजर स्थिर करता येत नव्हती, तरी चला मैत्रीबागेत. तिथल्या प्राणिसंग्रहालयातलं अस्वल आम्हाला चेहऱ्याने ओळखायचं. शाळेची बस फाटकाशी लागली की ते आमच्याकडे पाठ करून बसायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि यावर कुणाशीही वाद घालायला तयार आहे. तरी दर डिसेंबरात पहिली ते पाचवीची सहल तिथेच. तिथे भिंत होती, फाटक होतं, फाटकावर शिपाई होता, आणि आमच्या हेडमिस्ट्रेस थॉमस मॅडमना त्यामुळे आदल्या रात्री शांत झोप लागायची.

मग एका वर्षी सहलीची जागा ठरवायचं काम माझ्या आईकडे आलं आणि आमच्या घरातली झोप उडाली.

आई त्याच शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. ही नोकरी तिला फार उशिरा आणि फार खटपटीने मिळाली होती, आणि ती टिकवण्यासाठी ती वर्गात जितकी खंबीर असायची तितकीच घरी हवालदिल. काळजी करणं ही तिची कला होती. शाळेत निघताना ती फाटकापर्यंत जाऊन स्टोव्ह बघायला परत यायची, मग कडी बघायला परत यायची, आणि मग आम्हा दोघी बहिणींच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना याची खात्री करायची. मी पाचवीत होते, धाकटी पहिलीत. धाकटीचं पाळण्यातलं नाव सुनीता, पण तिला सगळे बारकीच म्हणत.

अशा बाईने मैत्रीबागच निवडायला हवी होती. पण त्याच सुमारास आईने पहिलीच्या वर्गाला तलावाचं चित्र काढायला सांगितलं होतं. सगळ्या पोरांनी पट्टी घेऊन चौकोन आखला. निळा रंग भरला. एकाने कडेला लोखंडी शिडी काढली, एकाने वरती 'प्रवेश निषेध' अशी पाटी लावली. पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधल्या पोरांनी पाणी पाहिलं होतं ते टाकीतलं, हौदातलं, नाहीतर प्लांटच्या भिंतीआडचं, वाफ निघणारं. आईचं माहेर भंडाऱ्याकडचं. तिच्या गावचा तलाव इतका मोठा की पलीकडच्या काठावरची म्हैस कुणाची आहे यावर पैजा लागत. ती चित्रं तिने घरी आणली, जमिनीवर पसरली आणि बाबांना म्हणाली, "पाहा ना अवो. पाण्याले कोपरे काढून राहिले पोट्टे."

बाबा म्हणाले, "मंग? टाकीले असतातच कोपरे."

"तलाव म्हटला होता मी."

एवढंच बोलणं झालं. पण आईने ती चित्रं उचलली नाहीत. आम्ही दोन दिवस त्यांना ओलांडून चालत होतो.

इथे मला आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा रोलिंग मिलमध्ये होते आणि त्यांचं आयुष्य, म्हणजे आमचंही, ए, बी आणि सी या तीन शिफ्टवर चालायचं. ए-शिफ्टच्या आठवड्यात ते पहाटे जायचे, बी-शिफ्टमध्ये दुपारी. सी-शिफ्टमध्ये ते रात्रभर मिलवर आणि दिवसा घरी झोपलेले. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, मध्ये भिंतीपेक्षा पडदाच जास्त. सी-शिफ्टचा आठवडा लागला की आई फाटकावर लाल गमछा टाकायची. आमच्या लाइनीत सगळ्याच घरांची ही रीत होती. गमछा दिसला की भाजीवाला हाक न देता पुढे जायचा, पोस्टमन सायकलची घंटी दाबायचा नाही, समोरच्या मुखर्जीबाई आपल्या मुलीचं गाणं थांबवायच्या, आणि याबद्दल बाकीची लाइन मनातल्या मनात बाबांचे आभार मानायची.

आत तर नाटकच. कुकर बंद, कारण शिटी. वरण पातेल्यात, तासन् तास. गळक्या नळाला चिंधी बांधलेली, दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सारून घट्ट बसवलेल्या. आम्ही भांडायचो तेही हातवाऱ्यांनी. चिमटे काढायचो आणि जिला चिमटा बसला तिने तोंड उघडून आवाज न करता किंचाळायचं, हा आमचा नियम होता आणि तो कुणीही मोडत नसे. बाहेरून कुणी मोठ्याने हाक मारली तर ओ द्यायची नाही, उठून जवळ जायचं. तेही झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पलीकडे जावं लागत असेल तर जायचंच नाही, बसून राहायचं. जेवायला बोलवायचं तर आई स्टीलच्या वाटीवर चमच्याने दोनदा टिचकी मारायची, थांबायची, आणि मग एकदा. टिक-टिक, टिक. त्या आवाजाला आम्ही दोघी कुठेही असलो तरी मांजरीसारख्या हजर व्हायचो. वाफाळतं वरण, भात, वर तूप, कडेला सांबारवडी. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, पुण्याच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.

तर सहल. आईने मैत्रीबाग नको एवढं ठरवलं, पण मग कुठे, हे ठरेना. रोज संध्याकाळी आमच्या ताटांभोवती सभा भरायची. दुर्गला रेल्वेत असलेला मामा म्हणाला, ताई, पोट्ट्याईले यार्डात आण, इंजिन दाखवतो, ड्रायव्हर भोंगा वाजवू देईल. मला तर तेव्हाच शाळा सोडून यार्डात राहायला जावंसं वाटलं. आईच्या डोळ्यांसमोर मात्र फक्त रूळ आले. ती ताटातल्या मिठाच्या ढिगाला बस म्हणायची, लोणच्याला इंजिन, आणि भाताची शितं म्हणजे मुलं. शितं रुळावर विखुरली की तिचा घास हातातच राहायचा. एका पालकाने रसमड्याच्या कारखान्यात ओळख असल्याचं सांगितलं. आई एका सुट्टीच्या दिवशी स्वतः बघून आली. तिथे पट्ट्यावर काहीतरी सरकत होतं आणि चाकं फिरत होती. तिने विचारलं, मुलं कुठे उभी राहतील? तिथला माणूस मोठ्या मनाने म्हणाला, कहीं भी. त्या दोन शब्दांनी रसमडा बाद झाला. शाळेतल्या एका सरांनी सुपेल्याचा बाजार सुचवला, म्हणे गणित शिकता येईल. आई म्हणाली, सुपेल्यात मी साठ पोरं घेऊन गेले तर साठच परत आणीन, पण ती आपलीच असतील याची हमी नाही. बाबा हे सगळं ऐकत हळूच म्हणायचे, "कोहक्यात आमच्या मिलच्या जोशीच्या अंगणात नेऊन बसव सगळ्यायले. पेरूचं झाड आहे, कंपाउंड आहे. जोशी बी आहे पाहाले." आई हसायची नाही. ती खरंच विचार करायची, जोश्यांच्या विहिरीला झाकण आहे का.

शेवटी तिने जी जागा निवडली ती दुर्गजवळच्या पाटणच्या बाजूची. एक जुना तलाव, काठाला आमराई, पाटबंधारे खात्याचा एक कौलारू बंगला आणि पलीकडे धानाची खळी. गावाचं नाव मी सांगणार नाही. का ते पुढे कळेल.

जागा बघायला आम्ही चौघंही स्कूटरवर गेलो. बारकी पुढे उभी, मी दोघांच्या मध्ये चेपलेली, आणि आईच्या हातात आडवा धरलेला बांबू. रस्त्यावरच्या सगळ्या सायकली आम्हाला बघून खाली उतरत होत्या. तलावाशी पोचल्यावर आईने लुगड्याचा काष्टा मारला आणि ती बांबू टेकवत पाण्यात शिरली. आम्ही काठावर श्वास रोखून. पाणी घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, गुडघ्यापर्यंत, आणि तिथून पुढे कमळांचे देठ. ती काठाने अशी बरीच चालली. मग आंब्याच्या प्रत्येक झाडाखाली उभं राहून तिने वर मोहोळ आहे का पाहिलं. बंगल्याच्या ओसरीतला खांब हलवून बघितला. चौकीदार कुठे आहे विचारलं, तर तो गावात गेल्याचं कळलं. बंगल्याच्या मागे मात्र ती गेली नाही. तिथे पाणी नव्हतं.

"झालं समाधान?" बाबांनी विचारलं.

"भेव वाटून राहिलं," आई म्हणाली. "पण पाहा ना, कसं पसरलं आहे."

पाणी खरंच पसरलं होतं. कुठे संपतं तेच कळत नव्हतं, बांधाच्या पुढे गवत आणि गवतात परत पाणी.

शाळेतल्या बैठकीचं आईने केलेलं वर्णन मला अजून पाठ आहे. तिसरीच्या चौबे मॅडम म्हणाल्या, मैत्रीबाग में क्या काँटे उग आए हैं? त्या सगळ्यांत जुन्या आणि शाळेच्या सगळ्या सहलींच्या साक्षीदार. थॉमस मॅडमनी चष्मा काढला.

"पानी है, मिसेस बोरकर."

"घुटने तक है, मॅडम."

"आपके घुटने, या बच्चों के?"

 उत्तर नसलं की माणूस जे करतो ते आईने केलं, नको तेवढं मोठं वचन दिलं. एक भी बच्चा कम लौटा, तो मैं सोमवार से नहीं आऊँगी. थॉमस मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि त्या म्हणाल्या, ठीक है, जिम्मेदारी आपकी.

ते वाक्य तिने घरी येऊन बाबांना सांगितलं आणि त्यानंतरचा आठवडा ती जेवली असं मला आठवत नाही. तिने एक पद्धत काढली. पाचवीच्या एकेका मुलाला पहिली-दुसरीचं एकेक मूल जोडून दिलं, तिसरी-चौथीच्या आपसांत जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीच्या मनगटाला एकाच रंगाच्या रिबिनी बांधल्या. रंग संपले तेव्हा ठिपक्यांच्या, मग काठाच्या. घरात फक्त रिबिनी. माझ्या वाट्याला गुड्डू नावाचा एक मुलगा आला, ज्याचं सहलीतलं मुख्य काम दर थोड्या वेळाने 'एक नंबर' ला जाणं हे होतं. बारकीला तिने मुद्दाम माझ्याबरोबर दिलं नाही. आपली म्हणून वेगळी वागणूक नको, असं ती म्हणाली. बारकीची जोडी लता रेड्डीशी, पिवळी रिबीन. लता आमच्या वर्गात पहिली यायची आणि तिच्या फ्रॉकला कधीही शाई लागत नसे. याहून जबाबदार मुलगी भिलाईत नव्हती.

सहलीच्या दिवशी बाबा सी-शिफ्ट करून घरी येत होते आणि आम्ही निघत होतो. फाटकातच गाठ पडली. आईने गमछा टाकला, बाबांनी बारकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि शिफ्टहून आलेल्या माणसाच्या त्या दमल्या आवाजात आईला म्हणाले, "जाऊन ये. काही होत नाही." आई म्हणाली, असं म्हणू नका. असं म्हटलं की होतं.

बसमध्ये सगळ्यांनी घसा फाटेपर्यंत गाणी म्हटली, आणि लता रेड्डीला बस लागली. ती सगळ्यांत जबाबदार मुलगी पाटणच्या रस्त्यावर तीनदा ओकली. तलावाशी पोचल्यावर तिला बसमध्येच सीटवर आडवं केलं आणि चौबे मॅडम शेजारी लिंबू घेऊन बसल्या. बारकीला आईने ओसरीवर बसवलं, जिथून ती तिला दिसेल. इथे बस, हलू नको. आणि तिथून आईच्या दिवसाचे साठ तुकडे झाले.

पण तो अर्धा दिवस काय होता ते मी कसं सांगू. पोरं पाण्याच्या काठाला लागली आणि आधी गप्पच झाली. एकाने विचारलं, मॅडम, ये खतम किधर होता है? आई एवढी हसली की तिने पटकन तोंडाला पदर लावला. मग खळ्यावर मळणीसाठी गोल फिरणारी बैलांची पात बघितली, धान्याच्या ढिगात हात घातले, बगळे मोजले, शेणात पाय पडले. गुड्डू सहा झाडांना पाणी घालून आला. दुपारी आमराईत पुरी-भाजी, चिवडा, आईने केलेल्या वड्या; बारकीचं पान ओसरीवरच पोचवलं. चौबे मॅडम लताला घेऊन बसमधून उतरल्या, त्यांनी एक वडी खाल्ली, दुसरी घेतली आणि म्हणाल्या, जगह बुरी नहीं है. त्यांच्या तोंडून हे म्हणजे पद्मश्रीच.

मग आईने शिट्टी वाजवली. जोड्या उभ्या करा.

सगळे हात वर झाले, रिबिनी दाखवत. आई रांगेतून चालत गेली. लाल-लाल. हिरवा-हिरवा. ठिपके-ठिपके. शेवटाकडे लता रेड्डी उभी, फिकट चेहऱ्याची, पिवळी रिबीन एकटी वर.

आई थांबली. तिने लताच्या हाताकडे पाहिलं, मग ओसरीकडे. ओसरी रिकामी होती.

"माझीच आहे," ती म्हणाली. अगदी हळू, मराठीत.

चौबे मॅडमनी विचारलं, क्या बोलीं? आईने सांगितलं नाही. मला मात्र ऐकू आलं होतं, आणि त्या आवाजात जे होतं त्याने मी गारठले. तो आवाज सुटका झाल्यासारखा होता. दुसऱ्या कुणाची नाही, माझीच आहे. पुढे कित्येक वर्षं मी ते वाक्य मनात घेऊन आईवर रुसले होते. मग मी स्वतः शिक्षिका झाले, एकदा दुसऱ्यांची पोरं घेऊन नदीकाठी गेले, आणि रुसवा तिथेच सोडून आले. पण त्या दुपारी सुटका एका श्वासाइतकीच टिकली. दुसऱ्या श्वासाला आई खाली बसली होती.

सगळ्यांची भीती पाण्याची होती, म्हणून सगळे पाण्याकडेच धावले. ड्रायव्हरने शर्ट काढला आणि तो कमळांत शिरला. दोन सर काठाने पळत गेले. पोरांनी हाका मारायला सुरुवात केली, सुनीता, बारकी, ए बारकी, साठ गळे एकाच वेळी, बगळे उडून गेले. मीही ओरडत होते. मला आठवतं की गुड्डूने माझा हात इतका घट्ट धरला होता की रिबीन मनगटात रुतली, आणि त्या पूर्ण वेळात तो एकदाही 'एक नंबर' म्हणाला नाही. पाणी तसंच पसरलेलं. सकाळी मला ते आवडलं होतं, कुठे संपतं कळत नाही म्हणून. आता त्याच कारणाने मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. चौकोनी असतं तर बरं झालं असतं, शिडी असती, पाटी असती. चौबे मॅडम आईच्या पाठीवर हात फिरवत होत्या, आणि मैत्रीबागेबद्दल एक शब्दही बोलत नव्हत्या, हे पाहून मला जास्तच भीती वाटली.

आई एकदम उठली. चौकीदार कहाँ है, तिने खळ्यावरून धावत आलेल्या एका म्हातारीला विचारलं. एवढा आरडाओरडा चाललाय आणि तो माणूस बाहेर कसा येत नाही?

म्हातारी म्हणाली, "ओ तो सुते हे दाई. रातभर मछरी राखथे."

झोपला आहे. रात्रभर तलावातले मासे राखतो.

 मी आईचा चेहरा बघत होते, आणि तिच्या मनात काय आलं ते मला तिच्याआधी नाही, पण तिच्याबरोबरच कळलं असावं, कारण मीही हाका मारायचं थांबले. तिने दोन्ही हात वर केले. चुप. सब चुप. कोई नहीं चिल्लाएगा. चौबे मॅडमना वाटलं हिचं डोकं फिरलं. ड्रायव्हर कमरेपर्यंतच्या पाण्यात पुतळ्यासारखा थांबला. पोरं एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून उभी राहिली. एवढी शांतता की खळ्यावरच्या बैलांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू यायला लागल्या.

आईने आपल्या डब्यातली वाटी काढली. चमचा काढला. पहिली टिचकी नुसतीच घसरली. मग परत.

टिक-टिक. टिक.

बंगल्याच्या मागच्या कोपऱ्यावरून बारकी आली. चवड्यांवर, फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरून, सळसळ होऊ नये म्हणून. एकदा मागे वळून पाहिलं, मग पुढे आली. ओठांवर बोट, आणि चेहऱ्यावर असा राग की साठ पोरं, चार शिक्षक आणि एक ओला ड्रायव्हर सगळे अपराधी वाटायला लागले.

"हळू," ती कुजबुजली. "किती ओरडून राहिले तुम्ही."

मागच्या पडवीत चौकीदार बाजेवर झोपला होता. लाल गमछा कठड्यावर वाळत टाकलेला. बारकी एका मांजरामागे तिथे गेली, पडवीच्या आतल्या बाजूला बसली, आणि मग त्या माणसाने झोपेतच कूस वळवली आणि पाय लांब केले. बाहेर यायचं तर त्याला ओलांडावं लागलं असतं. म्हणून ती बसून राहिली, घरी बसायची तशी. आमच्या हाका तिने सगळ्या ऐकल्या होत्या. वाटीचा आवाज आल्यावर मात्र तिने त्याच्या पायांवरून उडी मारली, कारण जेवायला नियम वेगळा. तो माणूस कशानेच उठला नाही. ड्यूटीवर झोपला होता असं कुणी म्हणू नये म्हणून मी गावाचं नाव सांगितलं नाही. खरं तर त्याची ड्यूटी संपलेली होती.

आईने बारकीला मारलं नाही आणि जवळही घेतलं नाही. तिने फक्त तिची सुटलेली पिवळी रिबीन परत बांधली. ती गाठ घरी कात्रीनेच कापावी लागली.

सोमवारचं आधी सांगून टाकते. थॉमस मॅडमनी विचारलं, सब ठीक? आई सगळं कबूल करायला उभी राहिली होती, पण चौबे मॅडम मध्येच बोलल्या. सब बच्चे लौटे, मॅडम. एक बच्ची का अनुशासन तो देखने लायक था. पुढे जोपर्यंत आई त्या शाळेत होती तोपर्यंत सहल त्याच तलावावर जायची, आणि शितं-मीठ-लोणच्याची सभा दर डिसेंबरात आमच्या ताटांभोवती भरायची. काळजी कमी झाली असं नाही. आता ती बंगल्याच्या मागेही जाऊन बघायची.

पण माझ्यासाठी ती सहल संपली आदल्या दिवशी, रविवारी. शनिवारी संध्याकाळी बाबा ड्यूटीवर जायच्या आधी जेवायला बसले तेव्हा आईने त्यांना सगळं सांगितलं. ती रडत नव्हती, ती वाढत होती. बाबांनी बारकीला जवळ बोलावलं.

"सगळे हाका मारून राहिले होते ना वो तुले?"

"हो."

"ऐकू आलं होतं?"

"हो."

"मंग ओ कावून नाही देली?"

बारकीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्यांना तरी हे समजायला हवं होतं. "ते काका सी-शिफ्टचे होते," ती म्हणाली.

बाबांचा हात ताटातच राहिला. ते तिच्याकडे बघत होते, मग चिंधी बांधलेल्या नळाकडे, मग आईच्या कोपरापर्यंत सारलेल्या बांगड्यांकडे. मग हात धुतले, डबा घेतला आणि गेले.

रविवारी सकाळी ते परतले, झोपले. गमछा फाटकावर. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत आमचे मुके खेळ खेळत होतो. आणि एकाएकी आतल्या खोलीत रेडिओ लागला. मोठ्याने. आमच्या घरात, दिवसा, सी-शिफ्टच्या आठवड्यात. आई स्वयंपाकघरातून धावत आली. पडद्याआडून बाबांचा आवाज आला.

"खेळा वो पोट्ट्यांनो, जोरानं. मले आता आवाजातच झोप लागते."

आम्ही एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. जोराने म्हणजे कसं, तेच कळेना. मी पाटावर हात आपटून पाहिला, आवाज उसना वाटला. आईने बांगड्या मनगटावर आणल्या आणि परत वर सारल्या. रेडिओवर कुणीतरी खताबद्दल माहिती देत होतं.

बारकी आज नातवंडांची आजी आहे, रायपुरात राहते, आणि अजूनही घरात कुणी झोपलेलं असलं की फोनवर माझ्याशी इतकं हळू बोलते की मी दोन-दोनदा विचारते. त्या दिवशी ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग चवड्यांवर आत गेली. पलंगावर बाबा डोळे मिटून पडलेले. तिने रेडिओचं बटण धरलं आणि खटका वाजू नये म्हणून इतकं सावकाश फिरवलं की खतवाला एकेक शब्द करत विझत गेला. मग ती बाहेर आली, ओठांवर बोट.

"झोपले," ती म्हणाली.

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. बाबा जागे होते. त्यांनी हात रेडिओपर्यंत नेला, बटणावर ठेवला, आणि काही वेळाने तसाच मागे घेतला. एवढ्या मेहनतीने तिने त्यांना आणून दिलेली ती शांतता मोडायची त्यांची हिंमत झाली नाही.